पडदा काळा, संगणक जागा

घरच्या संगणकावर लिनक्सचं अपडेट होतं, मशीन पुन्हा सुरू होतं, पांढरी अक्षरं भराभर वर सरकतात आणि ऐन पासवर्ड विचारायच्या वेळी पडदा काळा पडतो. कधी मॉनिटरवर ‘आउट ऑफ रेंज’ अशी सूचना तरंगते, तर कधी सगळं दिसतं, पण फुगलेलं आणि अस्पष्ट. अशा वेळी अनेक घरांत पहिला विचार येतो तो सगळं पुसून लिनक्स नव्यानं टाकण्याचा. तो तिथेच थांबवावा. फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प असं सारं त्यात उगाच पणाला लागतं आणि बिघाड बहुधा एखाद्या फाइलीत किंवा ड्रायव्हरमध्ये असतो.

आधी संगणक जिवंत आहे का ते पाहावं. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर आतलं काम बहुतेक सुरळीत चालू आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावं. लिनक्समध्ये खिडक्या-चित्रांच्या पडद्याशिवाय साध्या अक्षरांची टर्मिनलंही तयार असतात. नाव-पासवर्ड विचारणारी ओळ उमटली, की दुरुस्तीला जागा मिळाली.

चित्र उमटण्याआधी संगणक आणि मॉनिटर यांच्यात एक छोटी देवाणघेवाण होते. मॉनिटर आपलं ओळखपत्र पाठवतो. त्याला ‘ईडीआयडी’ म्हणतात आणि त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. सुरुवातीला शून्य, मग सहा वेळा २५५, पुन्हा शून्य अशी ठरलेली खूण येते. पुढे उत्पादक, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि मॉनिटरला सर्वांत मानवणारं रिझोल्यूशन. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ नं नि:शेष भाग जावा. भाग गेला नाही, तर निरोप वाटेत बिघडला हे कळतं. जुन्या पंधरा पिनांच्या व्हीजीए जोडणीत हा निरोप बारा आणि पंधरा क्रमांकाच्या पिनांवरून येतो. त्यातली एक वाकली, किंवा मधल्या स्वस्त कन्व्हर्टरनं निरोप पुढे सोडला नाही, तर समोर कोणता मॉनिटर आहे हे संगणकाला कळत नाही. मग तो अंदाजानं १०२४ बाय ७६८ सारखं बेताचं चित्र पाठवतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी केबल बदलून पाहावी.

केबल ठीक असेल तर जुन्या फाइलीकडे वळावं. लिनक्सवर वर्षानुवर्षं चित्र दाखवणारी एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. पुढे ती घरच्या संगणकांवर आली तेव्हा मॉनिटरच्या आडव्या-उभ्या फ्रीक्वेन्सी पुस्तिकेतून बघून एका फाइलीत हातानं लिहाव्या लागत. आकडा चुकला तर काही काचनळीचे मॉनिटर खरोखर बिघडू शकत. आज हे सगळं आपोआप जुळतं आणि ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ ही फाइल बहुतेक घरांत लागतच नाही. पण ती असेल, तर तिचाच शब्द चालतो. काही ड्रायव्हरांसोबतची साधनं ती लिहून ठेवतात. नंतर ग्राफिक्स कार्ड बदललं तरी फाइल जुन्याच ड्रायव्हरचं नाव घेत राहते.

याचा पुरावा एक्सच्या लॉगमध्ये मिळतो. चूक सांगणाऱ्या ओळींपुढे कंसात दोन ‘ई’ असतात. शेवटी ‘नो स्क्रीन्स फाउंड’ असं आलं, की लोक नवा मॉनिटर आणायला निघतात. खरं कारण मात्र बहुधा त्याच्या वरच्या काही ओळींत असतं: अमुक ड्रायव्हर सापडला नाही. अशा वेळी ती फाइल पुसू नये, तिचं फक्त नाव बदलावं आणि मशीन पुन्हा सुरू करावं. एक्सऐवजी आलेल्या नव्या वेलँड पद्धतीत ही फाइल वाचलीच जात नाही. तिथे जीनोम डेस्कटॉप पडद्याची निवड ‘मॉनिटर्स डॉट एक्सएमएल’मध्ये ठेवतो. नाव तिचं बदलावं.

अपडेटनंतर लगेच पडदा गेला असेल, तर संशय ड्रायव्हरवर. कर्नलबाहेरचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबाहेरचा, ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो आणि तेच कधी कधी राहून जातं. सुरुवातीच्या ग्रब मेन्यूत जुना कर्नल निवडता येतो; माझ्या मते सुटकेची ही सर्वांत सोपी वाट. तीही बंद असेल, तर मेन्यूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहावं आणि एफ१० दाबावं. कर्नल पडद्याच्या मांडणीत हात घालत नाही, साधं का होईना चित्र येतं आणि ड्रायव्हर नव्यानं टाकता येतो. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो.

ओळखपत्रच मिळत नसेल, तर एक्सवर ‘सीव्हीटी’ ही आज्ञा हवी ती मांडणी मोजून देते. इथे एक बारीक गोष्ट जपावी लागते. १९२० बाय १०८० चं चित्र पाठवताना नेहमीच्या मापात प्रत्यक्षात २२०० बाय ११२५ ठिपक्यांचा वेळ धरतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे १४ कोटी ८५ लाख ठिपके. जादाचा वेळ ही काचनळीच्या काळातली सोय: इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपवून परत यायला तो लागे. ‘सीव्हीटी’ आपणहून काचनळीसाठीच ऐसपैस वेळ धरते आणि आकडा १७ कोटी ३० लाखांवर जातो. एकेरी डीव्हीआय जोडणीची मर्यादा साडेसोळा कोटींची; मग पडदा काळाच राहतो. आज्ञेपुढे ‘वजा आर’ जोडलं, की तोच आकडा १३ कोटी ८५ लाखांवर उतरतो आणि सपाट मॉनिटर सहसा तो बिनतक्रार घेतो. आलेली ओळ ‘एक्सरँडआर’ला द्यावी. तिनं केलेला बदल एक्सचं सत्र संपेपर्यंतच टिकतो, त्यामुळे आकडा चुकलाच तर मशीन पुन्हा सुरू केलं की पहिली मांडणी परत येते.