लहान पाडा, लांबचा दवाखाना

पावसाळा आला की पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीतून एक बातमी हमखास येते : गरोदर महिलेला झोळीतून दवाखान्यात नेले. दोष कधी रुग्णवाहिकेला दिला जातो, कधी डॉक्टरांना. पण अनेकदा अडचण त्याआधीची असते. पाड्यापर्यंत बारमाही रस्ताच नसतो, आणि त्याचे एक कारण पाड्याच्या लोकसंख्येत असते.

निकष काय सांगतो?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिचा मूळ निकष सपाट भागात ५०० आणि डोंगराळ, आदिवासी भागात २५० लोकवस्तीचा. जवळच्या वस्त्या एकत्र मोजता येतात. डोंगराळ भागात त्यासाठी दीड किलोमीटर वाटेची मर्यादा आहे. सातपुड्यात किंवा सह्याद्रीत घरे टेकडीगणिक विखुरलेली असतात. तिथे दोनशे माणसांचा पाडा निकषाबाहेर राहू शकतो.

आरोग्यसेवाही लोकसंख्येवरच ठरते. आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे प्रमाण आहे. वस्ती विरळ असेल तर एवढी माणसे भरायला मोठा प्रदेश लागतो. म्हणजे जिथे रस्ता मिळणे कठीण, तिथेच दवाखानाही लांब.

दोनशे माणसांचे गणित

हजार लोकांमागे वर्षाला साधारण १५ ते २० जन्म धरले, तर दोनशेच्या पाड्यात वर्षाला तीन-चार बाळंतपणे होतात. दहा वर्षांत तीस-चाळीस. सुमारे १५ टक्के गरोदरपणांत गंभीर गुंतागुंत होऊ शकते, असे मानले जाते. त्या हिशेबाने एकाच पाड्यात दहा वर्षांत चार ते सहा बायकांना तातडीच्या उपचारांची गरज पडेल. कोणाला, हे आधी सांगता येत नाही.

प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर दोन तासांच्या आसपास जीव जाऊ शकतो. सर्पदंशातही तसेच. रुग्णाला चालवू नये, दंश झालेला भाग हलवू नये, असे डॉक्टर सांगतात. पण गाडी डांबरी रस्त्यावरच थांबत असेल, तर तिथवर त्याला उचलून नेण्यावाचून गत्यंतर नसते.

मातामृत्यूंचा अभ्यास करणारे तीन प्रकारचे उशीर सांगतात : दवाखान्यात जायचे ठरवण्यात, तिथे पोहोचण्यात आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण ओढ्याला पूर आला की तिची चाके अलीकडेच थांबतात. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुरामुळे दरवर्षी हा अनुभव येतो. शिवाय दवाखाना लांब असल्याचे माहीत असले की घरचे ‘सकाळी बघू’ म्हणतात. दुसरा उशीर असा पहिल्यालाही वाढवतो.

रस्ता होईपर्यंत

- प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी काही दिवस महिलेला दवाखान्याजवळ आणावे. आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांत यासाठी ‘माहेरघर’ आहे. आशाताईंकडे चौकशी करावी.
- पावसाळ्याआधी पाड्यातील गरोदर महिला, लहान बाळे आणि दीर्घ आजाराचे रुग्ण यांची यादी आशाताईंकडे असावी.
- गाडी कुठवर येते, तिथवर कोण उचलून नेईल आणि फोनला रेंज कुठे मिळते, हे आधीच ठरवावे.
- रस्त्याची वा साकवाची मागणी ग्रामसभेत ठरावाने नोंदवावी. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात २०११ च्या जनगणनेचे आकडे धरले आहेत. २००१ मध्ये निकषाबाहेर राहिलेला पाडा आता त्यात बसतो का, हे तपासून घ्यावे.

ही तयारी उपयोगी आहे, पण ती रस्त्याची जागा घेऊ शकत नाही. पाडा लहान असला, तरी तिथल्या बाईच्या हाती असलेला वेळ शहरातल्या बाईइतकाच असतो.