अंड्यांची सुरक्षितता : कवचाबाहेरची व कवचाआतली

कवच स्वच्छ असले म्हणजे अंडे सुरक्षित असते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयात व अंडनलिकेत शिरकाव करतो. परिणामी कवच तयार होण्यापूर्वीच अंडे आतून दूषित होऊ शकते व ते धुणे निरुपयोगी ठरते. बाधित कोंबडी बहुधा निरोगीच दिसते.

या संदर्भात ब्रिटनचे उदाहरण बोधप्रद आहे. डिसेंबर १९८८ मध्ये तेथील आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतांश अंडी-उत्पादन बाधित असल्याचे विधान केले. अंड्यांची विक्री घसरली व दोन आठवड्यांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला. राजीनाम्याने प्रश्न मात्र सुटला नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिटिश लायन’ योजनेत सहभागी उत्पादकांना कोंबड्यांचे लसीकरण अनिवार्य करण्यात आले. २०१७ मध्ये तेथील अन्नमानक संस्थेने या योजनेतील अंडी गर्भवती स्त्रिया, बालके व वृद्ध यांनाही अर्धकच्ची खाता येतील, असे जाहीर केले.

सारांश, अन्नसुरक्षेचा पाया स्वयंपाकघरात नव्हे, तर कुक्कुटगृहात घातला जातो. जेथे अशी हमी उपलब्ध नाही, तेथे पांढरा भाग व बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत अंडे शिजवणे हाच विश्वसनीय उपाय होय.