सामान गाडीत, माणूस पायी

मध्यंतरी धाकट्या मुलाचा लंडनहून फोन आला. तो आणि सूनबाई सुट्टीत आठ दिवस समुद्रकाठाने चालून आले होते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला माइनहेडपासून पूलपर्यंत सुमारे १,०१४ किलोमीटरची पायवाट आहे. लोक सवडीप्रमाणे तिचा तुकडा निवडतात. ‘बाबा, गंमत म्हणजे बॅग उचलावीच लागत नाही. सकाळी खोलीत ठेवून निघायचं. संध्याकाळी मुक्कामी पोचावं तर ती आपल्या आधी हजर!’ पैसे घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्याच तिथे आहेत.

मी म्हटलं, ‘अरे, ही सोय दर ज्येष्ठात आपल्या गेवराईवरून जाते.’

मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून निघते. बुलडाणा आणि जालना जिल्हे मागे टाकून शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. पुढे धाराशिवमार्गे पंढरपूर. सगळी मिळून महिन्याभराची चाल. पैठणहून नाथांची पालखी रायमोह्यावरून जाते, तर शेगावची गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून. त्या दिवसांत आमचा जिल्हा तीन वाटांनी चालत असतो.

निवृत्तीनंतर एका वर्षी मीही गेवराई ते बीड चाललो. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर, पण तयारी हिमालयाची! पाठीवरच्या पिशवीत कपडे, औषधं, रक्तदाब मोजायचं यंत्र, बॅटरी आणि अर्धवट कादंबरीची वही. पहाटे काकडा झाला, राहुट्या उतरल्या. वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, पातेली दिंडीच्या ट्रकमध्ये चढू लागली. ट्रक पुढे जातो, जागा धरतो, चूल पेटवतो. वारकरी त्यासाठी भिशी भरतो आणि मोकळ्या हातांनी टाळ वाजवत निघतो.

माझा हात मात्र पिशवीवरून निघेना. आयुष्यभर तिजोरीच्या किल्ल्या सांभाळलेला माणूस! शेजारी तुळस घेतलेली एक मावशी उभी होती. म्हणाली, ‘माउली, टाका की गाडीत. कपाट नेता का काय पंढरपूरला?’

टाकली. पाडळशिंगीपर्यंत पाठीला आपण काहीतरी विसरलो आहोत असं वाटत होतं. नंतर पाठ ते विसरली. मग आभाळ दिसलं, पहिल्या पावसानं काळी पडलेली रानं दिसली, आणि शेजारी कोण चालतंय तेही दिसलं.

मावशी शिरूर तालुक्यातली, ऊसतोड करणारी. नवरा-बायकोच्या जोडीला त्या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं, कारखान्याच्या फडात पाच-सहा महिने काढायचे. ‘तवा समदा संसार न्यावा लागतो,’ ती म्हणाली. ‘पत्रे, पीठ, कोंबड्या, लेकरं. वर उचलीचं वजन. हितं बगा, एक पिशवी, ती बी गाडीत.’

उचल या शब्दाशी मी अडखळलो. मुकादम हंगामाआधी जी आगाऊ रक्कम देतो ती उचल. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. नाही फिटली तर पुढच्या हंगामावर चढते. बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो, तेव्हा असंच एक जोडपं पेरणीसाठी कर्ज मागायला आलं होतं. मी सातबारा पाहिला. जमीन भावकीच्या सामायिक नावावर. जामीनदार विचारला, तर दोघं एकमेकांकडे पाहू लागली. नियमात बसत नव्हतं. मी तसं समजावून सांगितलं. त्यांनी नमस्कार केला आणि गेली. कुठे गेली असतील हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मुकादम सातबारा मागत नाही. तो माणूसच तारण घेतो.

माझी सही चुकली नव्हती. ऑडिटमध्ये त्या कागदावर शेराही आला नसता. तरीही त्या दिवशी रिकाम्या पाठीनं चालताना ते जोडपं माझ्याबरोबर बीडपर्यंत आलं.

बीडला मुक्कामी सामानाचा ढीग लागला होता. कुणाच्या पेटीवर नाव, कुणाच्या वळकटीला लाल चिंधी. माझी पिशवी वरच सापडली. मावशीची तळाशी होती. ती काढून देताना मी विचारलं, ‘औंदा दिवाळीनंतर जाणार का?’

‘जायाचंच की. पेरणीला उचल घेतलीय.’ पिशवी काखेत मारून ती हंडा घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

समुद्रकाठ असो की बालाघाट, दुसऱ्यानं ओझं उचललं की माणूस सुखानं चालतो, हे खरं. वारी ते महिनाभर उचलते. उरलेले अकरा महिने ते कुणी उचलायचं, हा प्रश्न विठ्ठलावर सोडून मला घरी परतता आलं नाही. त्यातला थोडा माझ्या टेबलावरून गेलेला होता.