अॅड्रिनलमधला रक्तस्राव

जालना जिल्ह्यातल्या आष्टीहून मोठं रुग्णालय गाठायचं, तर आधी परतूर, मग जालना किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. अॅड्रिनल ग्रंथींत रक्तस्राव झाला, तर या प्रवासातला वेळच जिवावर बेततो.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या या ग्रंथी जेमतेम 4-5 ग्रॅमच्या. पण रक्तदाब सांभाळणारं कॉर्टिसॉल त्याच बनवतात. गंभीर जंतुसंसर्ग, अपघाती मार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांमुळे त्यांत रक्त साचू शकतं. लक्षणं म्हणजे कमरेत कळ, उलट्या, सलाइन लावूनही न चढणारं बीपी. खात्री सीटी स्कॅनवर होते. नवजात बाळाची सोनोग्राफी करतात.

उपचार मात्र स्कॅनसाठी थांबत नाही. संशय येताच रक्ताचा नमुना काढून ठेवायचा आणि मोठ्या माणसाला हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच शिरेतून द्यायचं, सोबत सलाइन. हायड्रोकॉर्टिसोन दम्यासाठीही वापरतात, म्हणून लहान दवाखान्यातही ते असायलाच हवं!

दोन्ही ग्रंथी निकामी झाल्या, तर पुढे बहुधा जन्मभर कॉर्टिसॉलची उणीव भरणाऱ्या गोळ्या. ताप आला की डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस वाढवायचा.