खोदायचं कुठे?

पहाटे ५. परळमधली जुनी गल्ली. मुंबईत नळाला पाणी ठरावीक तासच असतं, त्यामुळे गळतीचा आवाजही तेवढाच वेळ ऐकू येतो. चावीवाले काका चेंबरमध्ये चावी फिरवतात. पाइप भरला की मी व्हॉल्व्हवर साउंडिंग रॉड टेकवून कान लावतो. बारीक सूंऽऽ असा आवाज आहे, पण पुढच्या व्हॉल्व्हवरही तसाच. दूधवाल्यांच्या गाड्या सुरू झाल्या की हे काम आटोपलंच.

६.३०. चाळीच्या दाराशी साचलेलं पाणी नक्की कुणाचं? काचेच्या नळीत नमुना घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले. हलकी पिवळी झाक आली. म्हणजे क्लोरीन आहे, पाणी नळाचंच. रंग आला नसता तरी नळाला निर्दोष सोडता आलं नसतं. मातीतून लांबवर झिरपताना क्लोरीन संपून जातो.

८. पाणी बंद. पाइपातला दाब उतरला की ज्या फटीतून पाणी बाहेर जात होतं, तिथूनच आजूबाजूचं घाण पाणी आत शिरू शकतं. गळती म्हटलं की सगळे वाया गेलेल्या पाण्याचा हिशेब मांडतात. मला ही उलटी वाट जास्त भीतीची वाटते.

आता रडारची गाडी बाहेर निघते. ‘मशीन गळती दाखवतं’ असं विकणारे सांगतात. दाखवत नाही. ते जमिनीत रेडिओ लहरी सोडतं आणि माती जिथे बदलते तिथून परतलेल्या लहरी टिपतं. पाइपला आडवं गेलं की पडद्यावर कमानीसारखी रेघ उमटते. गळती शोधायची ती त्या कमानीच्या बिघाडावरून.

आधी माप जुळवायचं. चेंबरमध्ये उतरून टेप लावला: पाइपचा माथा १ मीटरवर. तिथे लहरीला जाऊन परत यायला २० नॅनोसेकंद लागले, म्हणजे मातीतला वेग नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर. चिंब मातीत तो सहाच्या आसपास उतरतो. मशीनला हे कळत नाही. उशिरा आलेली लहर ते खोलवरून आलेली समजतं.

९.३०. खडूने रस्त्यावर आडव्या रेघा मारून एकेका रेघेवरून गाडी ढकलायची. ‘मेट्रो येतेय का इकडे?’ हा प्रश्न ठरलेला. इथे भराव मुरमाचा, म्हणून नशीब. काळ्या चिकण मातीत लहरी लवकर विरतात, खाडीकाठच्या खारट ओलीत तर मीटरभरही धड दिसत नाही. आणि पावसाळ्यात सगळीच जमीन ओली, मग वेगळं काय दिसणार?

१०.४५. एका रेघेवर कमान अचानक १.४ मीटरवर गेली. तिचे पाय अरुंद झाले, रेघ फिकट पडली. बिडाचा सरळ पाइप मध्येच एवढा खाली जाईल कशाला? पण बाजूला दुसरीही कमान आहे, अगदी स्वच्छ.

‘काका, इथे दोन लाइनी आहेत?’

‘दुसरी मेलेली. नवी टाकली तेव्हा जुनी काढलीच नाही. तुझ्या मशीनला कसं कळणार ते!’

खरं आहे. नकाशावर एकच पाइप आहे. बंद लाइन काढायला खर्च येतो आणि कागदावरून पुसायला काहीच नाही, म्हणून ती कागदावरून आधी जाते.

दुपारी १. खोदाईची परवानगी येईपर्यंत वडापाव.

३. सबंध गल्ली उकरण्याऐवजी माणूस उतरेल एवढाच खड्डा. वरचा थर कोरडा, मग ओलसर, मग नुसता चिखल. पंप लावून पाणी उपसलं. पाइप १ मीटरवरच होता. शिसं ओतलेला जुना जोड खालच्या अंगाने सुटलाय आणि पुरवठा बंद असूनही पाइपात उरलेलं पाणी तिथून निथळतंय. प्लंबर छिन्नी लावून शिसं ठोकून बसवतो, वर क्लॅम्प आवळतो. काका वरूनच सूचना देत राहतात आणि तो मुकाट ऐकतो.

५. खड्डा बुजवण्याआधी टेपने खोली आणि भिंतीपासूनचं अंतर लिहून घेतलं. नकाशावर जोडाची खूण केली, मेलेली लाइन तुटक रेघेने दाखवली. उद्या पहाटे पाणी सुटलं की याच व्हॉल्व्हवर पुन्हा रॉड लावायचा. जोड एक सापडला, पण आवाज दोन्हीकडे होता.