लेकराची इच्छा आणि उपचाराची तारीख

१९८० साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात ख्रिस नावाचा सात वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने आजारी होता. त्याला पोलीस व्हायचे होते. तिथल्या पोलिसांनी त्याच्या मापाची वर्दी शिवून दिली, हेलिकॉप्टरमधून फिरवले. काही दिवसांतच तो गेला. त्यातून ‘मेक-अ-विश’ संस्था उभी राहिली. १९९६ पासून ती भारतातही आहे. जिवावरच्या आजाराशी झुंजणाऱ्या ३ ते १८ वर्षांच्या मुलांची एक इच्छा ती पुरी करते. कोणी सायकल मागते, कोणाला विमानात बसायचे असते.

इच्छा विचारली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असे वस्तीत अनेकांना वाटते. तसे नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग पूर्ण उपचारांनी बहुतेकदा बरा होतो. पण औषधे दोन-अडीच वर्षे चालतात. लेकरू हसू-खेळू लागले, केस आले, की आपण गावी निघून जातो. धोका तिथे आहे. लग्नासाठी तारीख चुकवणारे आपण सहलीसाठीही चुकवू! म्हणून सहल तारखा सांभाळून, डॉक्टरांना विचारूनच ठरवा. औषधे, कागद सोबत ठेवा. ताप आला तर फिरणे सोडून थेट रुग्णालय गाठा.

चौकशी रुग्णालयातल्या समाजसेविकेकडे करा. इच्छेसाठी घरच्यांना पैसे भरावे लागत नाहीत. मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा.

आणि लेकराला एकटे बसवून विचारा. टीव्ही घरच्यांना हवा असतो. पोराला कदाचित रेल्वेच्या इंजिनात बसायचे असेल.