विमानाची शुश्रूषा : एक व्यवसाय, दोन वाटा



१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी इंजिनाच्या बळावर पहिले उड्डाण केले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या विमानाचे सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन डेटन येथील त्यांच्या सायकलींच्या दुकानात अवघ्या सहा आठवड्यांत ज्याने घडवले, त्या चार्ल्स टेलरचे नाव फार थोड्यांच्या कानांवर आलेले असते. अशा जमिनीवरच्या माणसांविषयी आज मला बोलायचे आहे. आणि विशेषतः हा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या तरुणांपुढे ज्या दोन वाटा येतात, त्यांविषयी. एक वाट लहान विमानांकडे जाते, तर दुसरी मोठ्या प्रवासी कंपन्यांकडे.

दोन्ही वाटांचा उंबरठा मात्र एकच आहे. बारावीपर्यंत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित शिकलेला विद्यार्थी मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा देतो आणि प्रत्यक्ष कामाचा ठरावीक अनुभव मिळवल्यावर परवान्यास पात्र होतो. परंतु परवान्याचे वर्ग वेगळाले आहेत. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी एक, जेटसारख्या टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठी दुसरा, तर विद्युत् व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी तिसरा. एका वर्गाचा परवाना हाती आला म्हणून दुसऱ्या वर्गाच्या विमानावर सही करता येत नाही. त्यामुळे वाट निवडण्याचा प्रश्न लवकरच पुढे उभा राहतो.

प्रथम लहान विमानाकडे वळू. बारामती, धुळे, गोंदिया किंवा उत्तर प्रदेशातील फुरसतगंज अशा ठिकाणी वैमानिकांचे शिक्षण चालते, तेथे ही विमाने दिसतात. सेसना १७२ हे चार आसनांचे विमान घ्या. त्याचे इंजिन चार सिलिंडरांचे व हवेने थंड होणारे असते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन असतात; एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहावे, हा त्यामागील हेतू. शंभर तासांचे उड्डाण झाले की आवरणे काढून विमान तपासतात. यंत्रज्ञ सिलिंडरांतील दाब मोजतो, तेलाची गाळणी कापून तिच्या घड्यांत धातूचे कण अडकले आहेत काय ते पाहतो, नियंत्रणाच्या पोलादी दोरांवरून कापड फिरवून तुटलेली तार शोधतो आणि पंख्याच्या पात्यावरील बारीकशी खाचही नजरेतून सुटू देत नाही. सारे विमान त्याच्या ओळखीचे होते. इंजिनाचा आवाज किंचित बदलला तरी त्याचे कान टवकारतात.

प्रवासी कंपनीतील काम निराळे. एअरबस ए-३२० सारखे विमान एका माणसाच्या आवाक्यात मावत नाही. म्हणून काम वाटून दिलेले असते. प्रत्येक कामाचे छापील कार्ड असते, प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक असतो. इंजिन न उघडता बारीक नळीच्या टोकावरील कॅमेरा आत सरकवून पाती न्याहाळतात. दिवसा विमान अर्धा-पाऊण तास टेकते, तेवढ्यात दोष ओळखावा लागतो. तो दूर करावयाचा, की मंजूर यादीच्या आधारे ठरावीक मुदतीपर्यंत पुढे ढकलावयाचा, हेही तेव्हाच ठरवावे लागते. उरलेले काम बहुधा रात्री चालते. मोठ्या तपासणीसाठी तर विमान नागपूरच्या मिहानसारख्या तळावर हँगरमध्ये कित्येक दिवस उभे राहते. येथे वेतन सामान्यतः अधिक, बढतीची शिडी उंच. पण पाळ्या, जागरणे आणि घड्याळाचा काच हेही तिच्याबरोबर येतात. लहान विमानांकडे मिळकत बेताची असते, परंतु दिनक्रम बराचसा उजेडाचा असतो आणि शिकणे चौफेर होते.

एवढ्या मोठ्या व्यवस्थेत एका माणसाच्या चुकीला वाव नसेल, असे कोणास वाटेल. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघाले. १७,३०० फुटांवर वैमानिकापुढील काच निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि सुदैवाने कप्तानासह सर्वांचे प्राण वाचले. चौकशीत आढळले ते असे : त्या उड्डाणापूर्वी एका रात्रपाळीत ती काच नव्याने बसवली होती. बसवणाऱ्याने बोल्टचा क्रमांक पुस्तकात न पाहता जुन्या बोल्टशी नवे बोल्ट नजरेने जुळवले. ९० पैकी ८४ बोल्ट सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक होते. दुसऱ्या कोणी ते काम तपासावे, असा नियम त्या कामाला लागू नव्हता. तो माणूस नवशिका नव्हता. पाळीचा प्रमुख होता. अनुभवाने आलेल्या आत्मविश्वासानेच त्याला पुस्तक उघडू दिले नाही.

लहान विमानतळावर हा धोका दुसऱ्या रूपाने येतो. तेथे चूक दाखवणारे डोळे मुळातच थोडे असतात आणि गळ घालणारी माणसे रोजच्या परिचयातली असतात. "अहो, एवढी एक फेरी होऊ द्या, मग बघा," असे प्रशिक्षक आर्जवाने म्हणतो, शिष्य खोळंबलेला असतो, आकाश निरभ्र असते. प्रवासी कंपनीत कोणी आर्जव करीत नाही. तेथे दाराशी ताटकळलेले दीडशे प्रवासी आणि पुढे सरकणारा काटा हेच काम करतात. दोन्हीकडे शेवटी एकाच कागदावर, विमान उड्डाणास योग्य असल्याच्या दाखल्यावर, यंत्रज्ञाची सही हवी असते.

तेव्हा, तरुण मित्रांनो, वेतनाची चौकशी अवश्य करा; त्यात संकोच कसला? सबंध यंत्र हाताखाली असावे असे वाटत असेल तर लहान विमानाकडे जा. एका भागात खोल शिरण्याची आवड असेल तर मोठ्या कंपनीकडे. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. सगळे जण घाईत असताना आणि दोष आपल्या एकट्यालाच दिसत असताना, "हे विमान आज उडणार नाही," असे शांतपणे सांगणे आपल्याला जमेल काय? जमणार असेल, तर यांपैकी कोणतीही वाट खुशाल धरावी.